डावा खांदा

आमच्याकडे म्हणतात, पन्नाशी गाठली
की माणसाला अब्राहाम दिसतो.
म्हणजे काय, तर शेजारपाजारचे रातोरात
अंगणात पेंढ्याचा एक म्हातारा आणून बसवतात,
गळ्यात पाटी, पाटीवर पन्नासचा आकडा,
आणि दिवसभर येणारे-जाणारे सायकलच्या घंट्या वाजवतात.

हाइतला थट्टा सोसत नाही.
हाइत म्हणजे बाप, आमच्या फ्रिशियन बोलीत.
वीबंकाकाला मी आधीच बजावलं :
यंदा कुणी काही करायचं नाही. मी करते.

बाउक्येच्या मेंढवाड्यातून दोन पोती पेंढा आणला,
माळ्यावरून त्याचा जुना रेनकोट,
कोपरांवर सायकलच्या ट्यूबची ठिगळं असलेला.
ती आईनं लावली होती,
ग्रोनिंगनला निघून गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
ठिगळांना मी हात लावला नाही.

डोकं सोपं गेलं. उशीचा अभ्रा, आत लोकर.
पायही सोपे.
खांदे काही जमेनात.
दोन्हीकडे सारखा पेंढा कोंबला
की भलताच कुणी उभा राही,
बँकेतून आलेला, ताठ,
कसलीशी नोटीस हातात असल्यासारखा.
उसवलं, भरलं, पुन्हा उसवलं.
बोटांना सुया टोचून टोचून
चहाचा कप धरवेना.

तिसऱ्या रात्री उमगलं,
भरायचं नाहीये, डावीकडचं काढायचंय.
बावीस वर्षं पुलाचं चाक फिरवून फिरवून
हाइतचा डावा खांदा चार बोटं खाली उतरलाय.
मी त्याला पाहिलं ते पाठमोरंच :
कालव्याकडे तोंड, पूल आभाळात उचललेला,
गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
बोटींकडे झुलवायचा
आणि टोलाची नाणी अलगद वर घ्यायचा.
चेहरा काढायला बसले तर नाकाशीच अडले.
पाठ मात्र पाठ होती.

मार्चपासून पूल लेवार्डनच्या ऑफिसातून उघडतो.
एक कॅमेरा, एक बटण.
हाइतला त्यांनी काठावरचं गवत कापायला दिलंय.

वाढदिवसाच्या पहाटे मी म्हाताऱ्याला
पुलाशेजारच्या स्टुलावर बसवला,
तोंड पाण्याकडे, पाठ आमच्या खिडकीकडे,
हातात काठी, काठीला तोच बूट.
पाटी नाही. आकडा नाही.

हाइत कॉफी घेऊन खिडकीशी उभा राहिला.
कॉफीवर साय धरली.
मग म्हणाला,
"डावा खांदा बरोबर आहे."
आणि तडक बाहेर गेला.
मला वाटलं, आता उचलून फेकणार.
त्यानं बुटाची गाठ सोडली, नव्यानं मारली.
"अशी बांधलीस तर पहिल्याच बोटीला सुटेल."

पहिली बोट जर्मन नवरा-बायकोची.
पूल आपोआप वर गेला, तरी बाईनं वाकून
बुटात दोन युरो टाकले आणि पेंढ्याला हात हलवला.
संध्याकाळपर्यंत सात युरो चाळीस
आणि एक पेपरमिंटची गोळी.
गोळी हाइतनं खाल्ली. पैसे दोनदा मोजले.

रात्री समुद्राकडून पाऊस आला, आडवा.
जिन्यावर त्याची पावलं वाजली, दार वाजलं.
मी खिडकीतून पाहिलं :
दोन्ही हातांवर घेऊन येत होता त्याला,
गाडीत झोपले की मला आणायचा तसा,
डोकं खांद्यावर, पाय लोंबते.

नंतर पाणी प्यायला खाली आले
तर स्वयंपाकघरात अंधार, हीटरचा लाल ठिपका,
आणि टेबलाशी दोन हाइत,
दोघांचेही डावे खांदे उतरलेले,
दोघेही गप्प, एकाच्या कोटातून पाणी ठिबकतंय.
क्षणभर मला कळेना
शुभेच्छा कुणाला द्यायच्या राहिल्यात.

त्यातला एक म्हणाला,
"झोप जा. वाळेपर्यंत बसतो मी याच्याजवळ."